चालेल

शनिवार, रात्री साडेअकरा.

समोरच्या आजोबांनी आज माझ्या जुन्या गाडीच्या दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला. वरून खाली, सावकाश. एका जागी थांबले, वीतभर वर गेले, पुन्हा खाली आले. मग वाकून दाराखालच्या पट्टीवर, मी नव्याने वेल्ड केलेल्या सिलवर, बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं, कलिंगड घेताना वाजवतात तसं, आणि म्हणाले, "इट विल डू."

कुत्र्याचा पट्टा उचलला आणि गेले.

तेव्हापासून मी या तीन शब्दांत अडकले आहे. भांडी घासताना तेच, लेकीच्या डोक्याला तेल लावताना तेच. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, अगं, चांगलंच म्हणाले की! त्याला काय समजावणार? इंग्लंडमध्ये बारा वर्षं झाली. इथे "नॉट बॅड" म्हणजे उत्तम, हे कळायला पहिलं वर्ष गेलं. "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणजे नको, हे कळायला त्याहून जास्त. पण "इट विल डू" ही शाबासकी आहे की हात झटकणं, हे मला आज रात्रीसुद्धा सांगता येत नाही.

चौदा शनिवार गेले गाडीच्या या एका बाजूला. नुसत्या डाव्या बाजूला. इथे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे फुटपाथच्या कडेचं पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ सगळं याच बाजूने खाल्लेलं. 1973ची गाडी, एमजीबी रोडस्टर म्हणजे उघडी स्पोर्ट्स कार, रंग हळदीचा. रंग असा ताजा दिसायचा की घेताना मला वाटलं होतं, हिला फक्त बारीकसारीक काम आहे.

पहिल्याच दिवशी डाव्या सिलला पेचकस टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण मला आज लिहायचंच आहे. या गाडीला डोक्यावर छप्पर नाही आणि खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडाही नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः दारांखालच्या या दोन सिलांच्या जिवावर. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा सिल, आतला सिल, दोघांच्या मधोमध उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, अशी ती बंद पेटी. पुढच्या चाकामागे एक आडोसा आहे, त्याचं रबर सुकलं की चिखल थेट या पेटीच्या तोंडाशी येऊन बसतो. पाणी निघून जायची भोकं बुजतात. मग वर्षानुवर्षं ओलं राहतं. बाहेरून रंग तसाच, आतून पत्र्याचा पापड. आमच्या गाडीवर तर कुणीतरी सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवला होता, वर लांबी (पुटी) भरली होती, वर रंग मारला होता. तो पत्रा कापला तेव्हा आतून दोन ओंजळी भुकटी निघाली. चहाच्या चोथ्यासारखी, ओलसर. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांमधल्या फटीत तो फुगतो आणि फॅक्टरीतले स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचे ठिपक्याएवढे टाके, फाडून काढतो. ते फाटलेले टाके हाताला लागले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

मी घाई केली नाही. हे मला स्वतःला सांगायचंय, म्हणून लिहिते. सिल कापल्यावर ही गाडी मधून वाकते आणि मग दार कधीच नीट बसत नाही, हे वाचून, ऐकून, पाठ करून मी सुरुवात केली. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, सपाट घेतली. दाराच्या चौकटीत आडवा चौकोनी पाइप वेल्ड केला. पुढचं मडगार्ड बोल्टचं असतं, ते काढलं. मागचं वेल्डचं असतं, त्याची खालची कड कापली. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक पत्रा क्लँपने धरून दार लावायचं, फट बघायची, दार काढायचं, चार टाके मारायचे, थंड होऊ द्यायचं, पुन्हा दार लावायचं. पत्रा जेमतेम 1 मिलिमीटरचा. मिग वेल्डिंगची तार 0.6 मिलिमीटरची. जरा रेंगाळलं की भोक, जरा सलग ओढलं की उष्णतेने पत्रा आखडतो. मनगटावर अजून तीन डाग आहेत.

बिजागऱ्यांचा आणि लहानसहान कंसांचा गंज लेकीने काढला. बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, आणि त्यात बॅटरी चार्जरची वीज. स्टेनलेस स्टील त्यात चुकूनही घालायचं नाही, विषारी क्रोमियम सुटतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून बादली बाहेर अंगणात. तास तास बुडबुडे बघत बसायची. तो एक दिवस फार छान गेला होता.

तर मग इट विल डू.

मला लोकांची फिकीर नाही असं मी म्हणत आले. खोटं आहे ते. गाड्यांच्या मेळाव्याला गेलो की माणसं बॉनेटमध्ये डोकावतात आणि प्रश्न विचारतात नवऱ्याला. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो, ते हसतात आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. आई फोनवर म्हणते, एवढ्या पैशात पुण्यात नवी गाडी आली असती. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, जुन्याच साच्यांवर काढलेली अख्खी नवी बॉडी मिळते, 1988पासून मिळते, ती घे आणि मोकळी हो. खरं आहे, मिळते, आणि उत्तम असते. पण मला ती नको होती. का नको, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. मला हीच हवी होती, एवढंच.

आणि तपासणारं तर कोणीच नाही. 40 वर्षांवरच्या गाडीला इथे 2018पासून दर वर्षीच्या एमओटीची, म्हणजे सरकारी तपासणीची, सक्ती नाही. कोणी इन्स्पेक्टर खाली झोपून माझे टाके बघणार नाही. उद्या त्यावर काळं सीलर लागेल, रंग लागेल, आत मेण जाईल, आणि चौदा शनिवार कायमचे झाकले जातील. हे काम खरोखर ओळखू शकेल असा एकच माणूस आमच्या गल्लीत राहतो. तो आला, त्याने बघितलं, आणि तीन शब्द टाकून गेला. आज संध्याकाळी मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

मी त्यांना नावाने हाक मारते, इथली पद्धतच ती. मनात मात्र ते आजोबाच. ॲबिंग्डनच्या एमजीच्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीवर होते. आमच्या डिडकॉटपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. त्यांनीच मला सांगितलं की तिथे हलणारा पट्टा नव्हता, गाडी एका जागेवरून पुढच्या जागेवर माणसं हाताने ढकलत न्यायची. बॉडी तिथे बनत नसे. पत्र्याचं काम स्विंडनचं, ॲबिंग्डनला ती रंगून यायची आणि इथे तिच्यात इंजिन, चाकं, बाकी सगळं बसायचं. 1979च्या सप्टेंबरमध्ये ॲबिंग्डनमधल्या पन्नास वर्षांचा सोहळा झाला आणि लगेचच्या सोमवारी, 10 तारखेला, कारखाना बंद होणार असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. हे त्यांनी एकदाच सांगितलं, फुटपाथवर उभं राहून, कुत्र्याकडे बघत. मी काही विचारायच्या आत विषय बदलला.

पण पहिल्या दिवसापासून ते प्रश्न मला विचारतात. नवऱ्याला नाही, मला.

म्हणून तर.

बाबा दापोडीला होते, एसटीच्या वर्कशॉपला, बॉडी सेक्शनला. त्यांच्या वेळी एसटीच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा असायचा. ते म्हणायचे, याला गंज नाही चढत, याच्या रिव्हेटा सैल होतात, दुखणं प्रत्येकाला असतंच. वेल्डिंगच्या जवळ मला कधी फिरकू दिलं नाही. डोळे जातील, लांब उभी राहा. दहावीचा निकाल दाखवला तेव्हा मार्कशीट खिडकीशी नेऊन वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, "चालेल." मी दोन दिवस जेवले नव्हते. आई नंतर म्हणाली की त्या संध्याकाळी त्यांनी सेक्शनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आता ते असते तर हा सिल...

जाऊ दे.

साडेबारा. मध्ये उठून गॅरेजमध्ये जाऊन आले.

झोप येणार नव्हतीच. बॅटरी घेतली, स्वेटर चढवला, आणि त्यांनी फिरवला तसाच अंगठा मी दाराच्या मागच्या फटीवरून फिरवला. डोळे मिटून. वरून खाली. त्यांचा अंगठा जिथे थांबला होता तिथे माझाही थांबला. खालच्या टोकापासून चार बोटं वर. मी इतके दिवस डोळ्यांनी बघत होते, डोळ्यांना ती फट सरळ दिसते. अंगठ्याला दिसत नाही.

ड्रिलचे बिट घेतले, फट मोजायला मी तेच वापरते. वर 4 मिलिमीटरचा बिट अलगद बसतो. त्या जागी 5चा आत जातो आणि तरी हलतो. म्हणजे साडेपाच असेल. दीड मिलिमीटर. मी गार जमिनीवर बसले. मागच्या मडगार्डच्या कडेचा तो जोड मी एका शुक्रवारी रात्री केला होता, आणि मला पक्कं आठवतंय की त्यातला शेवटचा टाका मी जरा लांब ओढला होता. म्हणजे त्यांनी माझी चूक बोटाने शोधली आणि सौम्य शब्दांत सांगितली, दुसरं काय.

मग भिंतीकडे लक्ष गेलं. कापायच्या आधी, फेब्रुवारीत, सहा ठिकाणच्या फटी मोजून मी मास्किंग टेपवर लिहून ठेवल्या होत्या. पेन्सिल पुसट झाली आहे. 4, 4, साडेचार, साडेचार, 5, साडेपाच.

साडेपाच तेव्हाही होतं.

म्हणजे मी काही ओढलं नाही. जे होतं ते जसंच्या तसं उभं केलं, चुकीसकट. आता प्रश्न असा की ती चूक कुणाची? सिल सडल्यावर गाडी थोडी बसली असेल आणि मी ती बसलेलीच पक्की केली असेल. किंवा 1973 साली स्विंडनहून आली तेव्हापासूनच ती तशी असेल. उजवी बाजू मोजली, तिथे त्याच जागी 5 भरलं. पण उजवा सिलही सडलेलाच आहे, त्याची साक्ष काय धरायची.

आजोबांनी मात्र अशा कितीतरी फटींवरून तो अंगठा फिरवला असेल. रोज किती गाड्या पुढ्यात यायच्या, कोणती पुढे सोडायची आणि कोणती परत पाठवायची, याचाच तर त्यांना पगार होता. तिथे उभं राहून ते हेच म्हणत असतील का? इट विल डू. ढकला पुढे.

हे मनात आलं आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. त्याचा अर्थ मला लागला असं नाही. कदाचित त्यांना माझं काम खरंच जेमतेम वाटलं असेल. असू दे. गाडीशेजारी बसून दीड मिलिमीटरकडे बघताना एवढं कळलं की हे पुन्हा कापायचं नाही. दार बसतं, कुलूप लागतं, जॅक लावला तर सिल तोलतो. तेही मी आज रात्रीच लावून बघितलं, दार उघडं टाकून, आणि फट केसभरही हलली नाही. फेब्रुवारीत हाच जॅक लावला असता तर पत्र्यातून वर आला असता.

उजव्या बाजूचं काम पुढच्या शनिवारपासून. आडवा पाइप कापून ठेवला आहे. उद्या सकाळी आजोबा कुत्र्याला घेऊन बाहेर पडतील तेव्हा त्यांना विचारणार आहे, मी कापायच्या आधी एकदा येता का? पेन्सिल त्यांच्या हातात देईन, टेपवर फटी कशा हव्यात ते त्यांनीच लिहावं. त्या साडेपाचबद्दलही विचारीन, धीर झाला तर.

हात धुतले, नखांतला काळा निघालेला नाही. सकाळी पोळ्या आहेत.