एवढी मोठी दुर्बीण तुम्ही नेता तरी कशी?

हा प्रश्न मला जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, पेट्रोल पंपावरचा मुलगा मागच्या काचेतून डोकावून विचारतो आणि ज्यांना स्वतःला दुर्बीण घ्यायची आहे ते तर पहिला हाच प्रश्न विचारतात. "ताई, एवढं मोठं धूड एकट्या उचलता? आणि रस्त्यात फुटत नाही?" जिन्यात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

माझी दुर्बीण दहा इंची डॉब्सोनियन आहे. म्हणजे आरसा २५४ मिलिमीटर व्यासाचा, ट्यूब जवळजवळ चार फूट लांब आणि कळशीपेक्षा जाड. ट्यूबचं वजन साधारण पंधरा किलो, खालच्या लाकडी बेसचंही जवळपास तेवढंच. राहते कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत. आकाश बघायला जाते वेल्ह्याच्या अलीकडे, मार्गासनीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या खळ्यावर. घरापासून साठेक किलोमीटर. बरोबर दोघी मैत्रिणी असतात, पण त्या नसरापूर फाट्यावर भेटतात; तोवर दुर्बीण माझी मीच आणते.

पहिली गोष्ट, तीस किलो मी एका वेळी उचलतच नाही. हे श्रेय जॉन डॉब्सन यांचं; त्यांच्याच नावावरून या दुर्बिणीला डॉब्सोनियन म्हणतात. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते, १९४४ पासून १९६७ पर्यंत. मठातून बाहेर पडल्यावर त्यांनी फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवायला सुरुवात केली. ज्याला रोज रस्त्यावर दुर्बीण न्यायची आहे, तो ती कशी बांधेल? लोखंडी तिपाई नाही, जड वजनं नाहीत. लाकडाची पेटी आणि तिच्यात नुसती ठेवलेली ट्यूब. उचलली की दोन तुकडे. माझ्यासारख्या पंचावन्न वर्षांच्या, कंबरेचं दुखणं असलेल्या बाईला दहा इंची आरसा वापरता येतो तो या मांडणीमुळे. बारा इंची दुर्बिणीची अखंड ट्यूब वीस किलोच्या वर जाते. ती एकटीने जिन्यावरून नेऊ नका, असं मी सरळ सांगते. त्याहून मोठी हवी असेल तर दांड्यांची, सुटी होणारी घ्या आणि जोडीला माणूस ठेवा.

ट्यूब उचलायची कशी, हे मला एका पलंगाने शिकवलं. माहेरचा निवारीचा पलंग मोडीत निघाला तेव्हा ती निवार मी ठेवून घेतली होती. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्याकडून तिचे दोन पट्टे करून घेतले. ते ट्यूबभोवती घट्ट बसतात, आणि दोन्हींना जोडणारी आडवी मूठ आहे. बाजारात यासाठी तयार पट्टे मिळतात, पण निवार ओल्या हातातूनही सुटत नाही. एक हात मुठीत, दुसरा आरशाच्या बाजूला खालून, आणि ट्यूब अंगाशी, झोपलेलं मूल कडेवर घ्यावं तशी. आरसा खालच्या टोकाला असतो, त्यामुळे सगळा भार तिकडेच असतो. ट्यूबच्या मधोमध हात घातला तर ती खाली झुकते. फाईंडरला (नेम धरायची छोटी दुर्बीण) किंवा फोकसरला (डोळा लावायचं भिंग पुढे-मागे करणारी नळी) धरून कधीही उचलायचं नाही. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं ते भिंग, आधी काढायची, फाईंडरही काढायचा. त्यांना डब्यात त्यांची जागा आहे.

आणि चुंबळ. आजी डोक्यावर हंडा घ्यायची तेव्हा खाली ठेवायची तशीच, जुन्या सुती लुगड्याची पिळून केलेली. ट्यूबच्या बुडाला आरसा सरळ करायचे तीन स्क्रू बाहेर आलेले असतात. ट्यूब फरशीवर उभी टेकवली की सगळं वजन त्या स्क्रूंवर येतं आणि आरसा हलतो. चुंबळीवर ठेवली तर वजन कडेच्या कड्यावर जातं आणि स्क्रू मधल्या पोकळीत मोकळे राहतात. घरातल्या कोपऱ्यात दुर्बीण चुंबळीवरच उभी असते. जिन्यात दोन मजल्यांच्या मधल्या जागेत मी चुंबळ आधी नेऊन ठेवते, मग ट्यूब घेऊन निघते. दम लागला तर टेकवायला जागा तयार असते. मात्र टेकवली तरी हात तिच्यावरच राहतो.

गाडीत ट्यूब मागच्या सीटवर आडवी. खाली दुहेरी गोधडी, सीट आणि पुढच्या पाठीच्या मधल्या फटीत दोन उश्या, म्हणजे ब्रेक लागला तरी ती खाली घसरत नाही. वरून दोन्ही सीटबेल्ट. बेस डिकीत, वरची फळी काढून, आडवा. बेसच्या मधल्या बोल्टची चाकी प्रवासाच्या आधी हाताने घट्ट करायची. खडबडीत रस्त्यावर ती ढिली होऊन पडते, आणि अंधारात गवतात शोधताना सगळी रात्र जाते. पार्किंगमधून नेण्यासाठी छोट्या चाकांची ट्रॉली काही जण वापरतात. पेव्हर ब्लॉकवरून ती जी थडथडते, तेवढे हादरे माझ्या गाडीत नसरापूरपर्यंत बसत नाहीत. चाकं घ्यायचीच तर हवा भरायची घ्या.

आता फुटण्याबद्दल. लोकांना रस्त्याची भीती वाटते. माझी दुर्बीण पडली ती रस्त्यात नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीतली अमावास्या. पहाटे चारच्या सुमारास नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ दक्षिणेला चांगला वर आला होता. आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंश चढतो, म्हणून वाट बघत थांबलो होतो. दहा इंची आरशात तो धूसर ठिपका राहत नाही. रव्यासारखे सुटे सुटे तारे दिसतात, कडेपासून गाभ्यापर्यंत. ते बघून आम्ही तिघीही गप्प झालो होतो. मग आवराआवर. बोटं गारठलेली, डोळे जड. मी ट्यूब बेसवरून उचलली, गाडीपर्यंत नेली आणि पाहते तर दार बंद, किल्ली खिशात. मिनिटभरच, म्हणून ट्यूब मागच्या चाकाला टेकवून उभी केली. खाली मुरूम, त्याला किंचित उतार. मी खिशात हात घालेपर्यंत ती घसरली, ढण्ण असा पोकळ आवाज झाला आणि ती गोल गोल गडगडत खाचराच्या बांधाला जाऊन थांबली. किल्ली हातात घेऊन मी तशीच उभी. झाकण उघडून बघायची हिंमत झाली नाही. ते मैत्रिणीने उघडलं.

आरसा वाचला. तोंडाची कड चेपली, तिथला छोटा दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पात्यांपैकी एक वाकलं, फाईंडरची खोबणी तुटली. साठ किलोमीटरच्या खड्ड्यांनी जे केलं नव्हतं, ते उजेड नसताना केलेल्या एका मिनिटाच्या घाईने केलं.

तेव्हापासून माझ्याकडे दुर्बिणीला तीनच जागा आहेत: चुंबळ, सीट आणि बेस. चौथी जागा नाही. भिंत नाही, चाक नाही, "जरा धर गं" म्हणून कुणाचा हात नाही. बाकी सगळा क्रम यातून आपोआप ठरतो. खळ्यावर पोचलो की आधी बेस उतरवायचा, डुगडुगत नाही ना बघायचं, मग ट्यूब सीटवरून थेट बेसवर. परत निघताना गाडीचं दार आधी उघडायचं, गोधडी पसरायची, बेल्ट बाजूला करायचे, आणि मगच बेसवरून ट्यूब उचलून थेट सीटवर. बेस शेवटी. घरी आल्यावर उलट: ट्यूब कुलूपबंद गाडीत, आधी बेस वर जातो, चुंबळी जागेवर पडतात, शेवटी ट्यूब. उचलण्याआधी दहा मिनिटं बसून गरम चहा पिते. हे वेळ काढणं नाही. पहाटेच्या हातांना शुद्धीवर यायला तेवढं लागतं.

खळ्यावर गेल्यावर आरसे जुळलेले आहेत का ते दर वेळी तपासते. रस्त्यात थोडं हलतंच. आरशाच्या मधोमध बारीक वर्तुळाची खूण असते, ती फोकसरमधून बघून मागचे तीन स्क्रू फिरवायचे, पाच मिनिटांचं काम. दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवायचे असतील तर मात्र ट्यूब आडवी करा. उभ्या ट्यूबमध्ये पाना हातातून सुटला तर तो थेट मुख्य आरशावर पडतो. घरून आलेला आरसा गरम असतो, त्याला निवायला पाऊण-एक तास द्या, म्हणून आम्ही सूर्य मावळायच्या आत पोचतो.

सूर्यावरून आठवलं, हे कृपा करून विसरू नका. प्रवासात दोन्ही टोकांना झाकणं हवीतच. धूळ हे त्याचं दुय्यम कारण. अंतर्गोल आरशावर खिडकीतून तिरपं ऊन पडलं तर ते एका जागी गोळा होतं आणि सीट किंवा ट्यूब जाळू शकतं. संध्याकाळी जाताना आणि सकाळी परतताना, दोन्ही वेळा ऊन आडवंच असतं.

घरी आल्यावर लगेच झाकण काढत नाही. गार आरशावर घरातली दमट हवा लागली की काचेवर घाम धरतो. तास-दोन तास तशीच ठेवायची, खोलीच्या उष्णतेला आली की झाकण काढून पुरतं कोरडं होऊ द्यायचं, फडकं न लावता. ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की पुसल्याने ओरखडेच उठतात. ओली बंद करून ठेवली तर आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, डाग धरतात.

तळमजल्यावरच्या घरातला मुलगा सातवीत आहे. "काकू, मी उचलू का?" असं तो दर अमावास्येला विचारतो. ट्यूब अजून त्याच्या हातात दिलेली नाही. पण मागच्या हिवाळ्यापासून चुंबळ त्याच्याकडे असते. मी दारात निवारीच्या मुठीत हात घालून थांबते, तो धावत पुढे जातो, मधल्या जागेत भिंतीपासून वीतभर सोडून ती ठेवतो, हाताने दाबून बघतो आणि खालून ओरडतो, "काकू, ठेवली! या आता!"