न्यू शून्यावरच का जाऊन बसतो: तोफगोळे कारखान्याचा डेटा, पुढचा भाग

अखेर कोडं सुटलं! कॉनवे-मॅक्सवेल-पॉयसन (यापुढे सीएमपी; मोजणीच्या आकड्यांसाठीचं, लॅम्डा आणि न्यू असे दोन पॅरामीटर असलेलं मॉडेल) या डेटावर का बसत नाही, ते कळलं. कोड ठीक आहे, ऑप्टिमायझरही (सर्वांत जुळणारे पॅरामीटर शोधणारा प्रोग्राम) ठीक आहे.

डेटा मागचाच. ग्रीनवुड आणि यूल, १९२०: सहा इंची तोफगोळ्यांवर काम करणाऱ्या ६४७ बायका, पाच आठवड्यांतले अपघात. शून्य अपघात ४४७ जणींना, एक १३२, दोन ४२, तीन २१, चार ३, आणि शेवटच्या रकान्यातल्या २ (त्यांना मी पाचच धरतो). सरासरी ०.४६५, व्हेरिअन्स ०.६९२. साधं पॉयसन शून्याच्या रकान्यात ४०६ देतं, म्हणजे तिथेच निकाल. निगेटिव्ह बायनोमियल मागेच बसवलं होतं, त्याचा पसरटपणाचा पॅरामीटर के साधारण ०.८७.

सीएमपीत न्यू १ असला की पॉयसन, १ च्या खाली ओव्हरडिस्पर्शन (व्हेरिअन्स सरासरीपेक्षा जास्त). न्यू ऋण होऊ नये म्हणून सगळे ठेवतात तसा लॉग लावून ठेवला. तर लॉग न्यू नुसता खाली खाली जातोय. टॉलरन्स बदलला की उत्तर बदलतं, लाइकलिहूड (मॉडेल डेटाला किती जुळतं त्याचं माप) मात्र जागचं हलत नाही. स्टँडर्ड एरर बघवत नाही. पहिला संशय अर्थातच नॉर्मलायझिंग बेरजेवर (सगळ्या शक्यता मिळून १ व्हाव्यात म्हणून जिने भागतात ती अनंत बेरीज). पन्नासऐवजी दोनशे पदं घेतली, काडीचा फरक नाही. पडणार तरी कसा, लॅम्डा ०.३२ च्या घरात असताना तिसाव्या पदापर्यंत सगळं विरून जातं.

मग कागद-पेन घेतलं. सीएमपी एक्स्पोनेन्शियल फॅमिलीतलं आहे, म्हणून लॉग-लाइकलिहूडला शिखर असलं तर एकच. न्यू शून्य केला की उरतं जॉमेट्रिक (प्रत्येक पुढच्या आकड्याची शक्यता आधीच्याच्या क्यू पट), त्यात क्यू म्हणजे ३०१ भागिले ९४८. तिथला उतार काढायला दोनच आकडे लागतात: डेटातली लॉग-फॅक्टोरिअलची बेरीज आणि जॉमेट्रिकप्रमाणे अपेक्षित बेरीज. पहिली ८५.८५, दुसरी ८२.२५. डेटाची जास्त, म्हणजे उतार ऋण, म्हणजे लाइकलिहूडला न्यू शून्याच्याही खाली हवाय. आणि तिथे मालिकाच अभिसारी नाही! शिखर कुंपणापलीकडे आहे, बिचारा ऑप्टिमायझर कुंपणाला नाक लावून उभा.

खरं तर के बघूनच ओळखू यायला हवं: के १ म्हणजे जॉमेट्रिक, आपला त्याहून कमी, आणि सीएमपीची शेपटी जॉमेट्रिकपेक्षा जाड होऊच शकत नाही.

यातून हाती लागलेली मजा अशी. लॉग-लाइकलिहूड पॉयसनचं −६१७.२, जॉमेट्रिकचं −५९२.५, निगेटिव्ह बायनोमियलचं −५९२.३. एआयसीत (जास्त पॅरामीटरना दंड लावणारं माप, कमी तितकं चांगलं) एका पॅरामीटरचं जॉमेट्रिक ११८७.० वर आणि निगेटिव्ह बायनोमियल ११८८.५ वर. गुपचूप 'कन्व्हर्ज्ड' छापून मोकळ्या होणाऱ्या पॅकेजांवर माझा राग आहे. पॅरामीटर सीमेवर गेला, एवढं एक वाक्य छापायला काय जातं? आर मधल्या 'मास' पॅकेजचं निगेटिव्ह बायनोमियल अजूनही सगळ्यांत भरवशाचं. स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरला असल्या कामाला लावू नका.

पुढे पॉयसन-इन्व्हर्स गॉसियन हे आणखी एक मॉडेल करणार होतो. हे लिहिता लिहिताच मोमेंटने (सरासरी आणि व्हेरिअन्स जुळवून) आकडे काढले: शून्य ४३९, एक १४५. त्याच रीतीने निगेटिव्ह बायनोमियल ४४३ आणि १३९ देतं, डेटा ४४७ आणि १३२. दोन्हीकडे लांबच गेलं. रद्द.

आता खुपतोय तीन अपघातांचा रकाना. निगेटिव्ह बायनोमियल, जॉमेट्रिक, कॉन्सुल-जैनचं जनरलाइज्ड पॉयसन, तिघांचं उत्तर १४ च्या आसपास, प्रत्यक्षात २१. नुसता योगायोगही असेल. पण दोन पॉयसनचं मिश्रण (बहुतेकींचा लॅम्डा कमी, थोड्यांचा जास्त) लावून बघायचा मोह आवरत नाही. एआयसीत तीन पॅरामीटर महाग पडतील, तरीही आधी तेच.

सीएमपी टाकून देत नाहीये, अंडरडिस्पर्शनसाठी राखून ठेवतोय. व्हेरिअन्स सरासरीपेक्षा कमी असलेला एखादा छोटा जुना तक्ता कुणाकडे असेल तर पाठवा.