उराव्हानच्या जुन्या युरेनियम पट्ट्यात: जाणार असाल तर

कोलोरॅडोत येणारे आपले लोक टेल्युराइड, आस्पेन करून परत जातात, आम्ही मात्र ग्रँड जंक्शनहून उराव्हानकडे जाणारा हायवे १४१ धरला. निघायच्या आधी तिथली ॲटॉमिक लेगसी केबिन बघून घ्या, छोटंसं लाकडी घर आहे, मॅनहॅटन प्रोजेक्टच्या (दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब बनवायच्या अमेरिकेच्या गुप्त प्रकल्पाच्या) वेळी इथलं ऑफिस तिथे होतं. ते बघितलं की पुढे दिसणारे खाणींचे ढिगारे नुसते ढिगारे वाटत नाहीत.

उराव्हान गाव शोधू नका, ते नाहीये. १९३६ ला वसवलेलं कंपनीचं गाव, कंपनी युनियन कार्बाइडची (हो, भोपाळवालीच), खनिज दळून धातू वेगळे काढणारी मिल बंद पडली १९८४ ला, १९८६ ला सुपरफंडच्या (विषारी जागा साफ करायच्या सरकारी योजनेच्या) यादीत गेलं आणि मग घरं, शाळा सगळं पाडून गाडून टाकलं. आता कुंपण आणि पिवळ्या पाट्या. पण इथल्या एकाच खडकाने तीनदा नशीब काढलं बघा, आधी रेडियम (१९२१ ला मेरी क्यूरींना अमेरिकेने दिलेलं १ ग्रॅम इथल्याच कार्नोटाइट या पिवळ्या खनिजातलं), मग पोलादासाठी व्हॅनेडियम, आणि युद्धात त्याच व्हॅनेडियमच्या टाकून दिलेल्या गाळातून बॉम्बसाठी युरेनियम.

आता चौथी फेरी चालू आहे, परत युरेनियमचाच शोध. वर मेसावर (सपाट माथ्याच्या डोंगरावर) बोअर मारायची एक रिग चालू होती, आपल्याकडच्या बोअरवेलच्या गाडीसारखीच. बोअरमधून आलेला चुरा जमिनीवर खोलीप्रमाणे ओळीने मांडलेला, लाल, लाल, लाल आणि मधेच राखाडी. लाल आला की नाक मुरडतात, राखाडी वाळूखडक आणि त्यात कोळसा झालेलं लाकूड दिसलं की चेहरे खुलतात, कारण युरेनियम तिथेच साचतं. मग वायरला गॅमा प्रोब (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) लावून बोअरमध्ये सोडतात. खरं काम मात्र कागदावरचं, १९५० च्या दशकातल्या सरकारी बोअरच्या नोंदी काढायच्या आणि त्या खऱ्या आहेत का ते थोडेच नवे बोअर मारून बघायचं. जुन्या पट्ट्यातच सगळे का घुसतात ते इथे कळतं.

माझं मत विचाराल तर यातले बरेच प्रोजेक्ट युरेनियमचा भाव चढला की जागे होतात आणि उतरला की झोपतात. २०२४ च्या सुरुवातीला पाउंडाला १०० डॉलरवर गेला तेव्हा सगळे जागे झाले. पण खनिज काढून नेणार कुठे? देशात चालू असलेली, खडक दळून युरेनियम काढणारी पारंपरिक मिल एकच, युटात ब्लँडिंगजवळ. पॅराडॉक्स व्हॅलीत दुसरी होणार होती, तिचं लायसन्स २०१८ मध्ये रद्द झालं.

जाणाऱ्यांसाठी: जुन्या बोगद्यात डोकावायलासुद्धा जाऊ नका, आत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू असतो, हवा खराब, लाकडं कुजलेली. पिवळाजर्द दगड कितीही गोड दिसला तरी खिशात घालू नका, पोरांवर विशेष लक्ष ठेवा. मोकळ्या रानात पांढरे पाइप रोवलेले दिसले तर ते बहुतेक कुणाच्या तरी क्लेमचे (खाणीसाठी हक्क सांगितलेल्या जागेचे) कोपरे, हलवू नका. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्याला गाडी घालूच नका, चिखल चाकं धरून ठेवतो. नेटवर्क बराच वेळ नसतं, मॅप आधीच डाउनलोड करा, टाकी नॅचुरिटा गावात फुल करा आणि पाणी भरपूर ठेवा. मे किंवा ऑक्टोबर बरा. वाटेत डोलोरेस नदीच्या कड्याला लटकवलेला हँगिंग फ्लूम बघायला थांबा, १८८९ ते ९१ मधलं सोन्याच्या खाणीसाठीचं लाकडी पाट, अजून तुकडे टिकून आहेत. परत त्याच रस्त्याने यायची गरज नाही, पॅराडॉक्स, ला साल करत मोआबला निघता येतं, फक्त तिथलं हॉटेल आधी बुक करा, वीकेंडला रेट ऐकून घाम फुटतो.