हुकुमदार

विहिरीतली मोटर जळली म्हणून भर मे महिन्यात ती दुचाकीला बांधून कामठीला नेली. रिवायंडिंगवाला म्हणाला, "तीन घंट्यानं या, भाऊ." आता कामठीच्या उन्हात तीन तास माणसानं करावं काय? मी दगड वाचतो.

ही खोड जुनी आहे. कोनशिला, मैलाचा दगड, थडगं, पुलावरचं साल. कोरलेलं अक्षर दिसलं की पाय पुढं पडत नाही. बायकोला त्याची किळस येते, कारण अक्षरात बसलेला चुना मी नखानं काढतो आणि तेवढ्यानं नाही भागलं तर थुंकी लावतो.

कामठीत या खोडीची चंगळ होते. गावच छावणीच्या पोटी जन्मलेलं. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी पलटणी आणून बसवल्या. त्या दुपारी रस्त्याच्या कडेला एक बुटका, चुना फासलेला खांब सापडला. उकिडवा बसलो, नख लावलं. 'बी' निघाला. मग 'पी'. तेवढ्यात मागून आवाज आला, "भाईसाब, किधर?"

पहारेकरी होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फिरंड!"

त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? आमच्या गावात एक आबाजी होते. जानेवारी १९४२ मध्ये महार रेजिमेंटची दुसरी पलटण याच कामठीत उभी राहिली, तेव्हाचे ते रंगरूट. सरकारनं १८९२ साली महारांच्या भरतीचं दार लावून घेतलं होतं. पहिल्या महायुद्धापुरतं ते किलकिलं झालं, पुन्हा बंद. म्हातारपणी आबाजी संत्र्याच्या बगीच्याची राखण करत. आम्ही पोरं कुंपणातून आत शिरलो की अंधारातून गर्जना यायची, "हाल्ट! हुकुमदार!" आम्हाला वाटायचं, हा त्यांचा हुद्दा. हवालदार, जमादार, तसा हुकुमदार. गावही त्यांना त्याच नावानं ओळखायचं. 'हू कम्स देअर'चं ते पलटणीतलं रूप, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. उत्तर मात्र, म्हणजे 'फ्रेंड'चं 'फिरंड', त्यांनी तेव्हाच शिकवून ठेवलं होतं. "फिरंड म्हना, अन् दोन संत्रे घेऊन जा." न म्हणता पळालं तर काठी.

लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे व्हिकर्स मशीनगनबद्दल, तेही घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं. "तिले पानी लागे, बावा. पानी नाही पाजलं त गरम होऊन बसे." नळी थंड राहावी म्हणून तिच्याभोवती चारेक लिटर पाणी भरावं लागे, पण आम्ही ती थापच समजायचो. टोपीवरचा बिल्ला फडक्यात बांधून ठेवलेला. त्यावर ती गन आणि एक खांब. मला ती दीपमाळ वाटायची. तो होता कोरेगावचा विजयस्तंभ. त्याची पायाभरणीही १८२१ चीच. पुढे रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून स्तंभ गेला, कट्यार आली. आबाजींच्या फडक्यात स्तंभच राहिला.

हे सगळं त्या पहारेकरी पोराला काय सांगणार? "पत्थर देख रहा था," म्हटलं.

"इसमें क्या है?"

बी.पी., आणि खाली एक आकडा. बाउंड्री पिलर. हद्दीचा खांब, बस.

दुकानात परतलो तर मोटर उघडून पडलेली, आतली तार काळी ठिक्कर. "पानी नसतानी चालवली तुम्ही हिले," रिवायंडिंगवाला म्हणाला.

मी गप्प बसलो.