मीटर म्हणतो पावणेचौदा, बल्ब म्हणतो नाही

आमचा कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, चोवीस फुटी, चार चाकांचा, सेकंडहँड घेतलेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॅलसहून अमरिलोजवळच्या पालो ड्यूरो कॅन्यनला निघालो, तेव्हा त्याच्या फ्रिजमध्ये आईने केलेलं श्रीखंड, मोड आलेली मटकी आणि दोन गॅलन दूध होतं. हायवे 287 ने साडेपाचशेच्या वर किलोमीटर, बाहेर चाळीस डिग्री. पोचलो तर फ्रिज बंद, आतले दिवे पिवळट. आईने श्रीखंडाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता परत लावलं. कॅम्परचं पुढचं टोक उचलणारा जॅक मोटरवर चालतो, तोही दोन इंच जाऊन कण्हत थांबला.

कॅम्पसाइटच्या खांबाला 30 अँपिअरची केबल जोडली आणि सगळं जिवंत झालं. घोळ इथेच होतो. खांबावरच्या 120 व्होल्ट एसीवर कॅम्परचा कन्व्हर्टर (एसीचं 12 व्होल्ट डीसी करणारा डबा) कॅम्परची बॅटरी रात्रभर चार्ज करतो, सकाळी बॅटरी ठणठणीत, आणि आपण म्हणतो, झालं असेल काहीतरी. खरं तर चालत्या गाडीत पिकअपच्या आल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या जनरेटरने, दोघांना जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून ती बॅटरी भरत राहायला हवी. ती भरत नव्हती.

घरी आल्यावर कॅम्पर जॅकवर उभा केला, पिकअप जवळ लावली आणि फक्त प्लग जोडला. त्याआधी मीटर घेऊन पिकअपच्या सॉकेटशी बसलो होतो. पहिल्यांदा शून्य! फ्यूज काढून बघितला, शाबूत. मग लक्षात आलं की आमच्या पिकअपमध्ये ही लाइन रिलेवर (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) आहे, इंजिन चालू असेल तरच सप्लाय येतो. अर्धा तास असाच गेला. इंजिन चालू केल्यावर 13.9. म्हणजे गाडी निर्दोष. कॅम्परच्या बॅटरीवर मात्र 12.5, इंजिन बंद असो की चालू. बॅटरीच्या वायरी सोडवून त्यांच्या टोकांवर मीटर लावला तर 13.8! मी चक्रावलो. सप्लाय आहे, पण बॅटरीला मिळत नाही.

सांगलीला अण्णांना फोन लावला. ते साखर कारखान्यात वायरमन होते.

"अण्णा, वायरीत पावणेचौदा येतंय, पण बॅटरी चार्ज होत नाही."

"लोड लावलास काय?"

"नाही, नुसता मीटर."

"मग त्याला काय अर्थ आहे? केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी मीटर तेवढंच दाखवतो, त्याला करंट लागतोय कुठं? गाडीचा हेडलाइटचा बल्ब लाव."

टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, आहे का, हेही त्यांनी विचारलं. होता, पण फक्त एसीवाला, डीसीला उपयोग शून्य.

गॅरेजमध्ये 55 वॅटचा जुना हॅलोजन बल्ब पडला होता, साडेचार अँपिअर ओढणारा. त्याच वायरींना जोडला. पेटला कसला, विझत आलेल्या उदबत्तीसारखा लाल झाला. बल्ब तसाच ठेवून मीटर लावला, चार व्होल्ट. म्हणजे बाकीचे जवळजवळ दहा व्होल्ट वाटेतच कुठेतरी खाल्ले जात होते.

आता दोष पॉझिटिव्ह वायरीत की अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या बाजूत? जंपर केबलचं एक टोक पिकअपच्या चासीला लावलं, दुसरं बल्बच्या निगेटिव्ह बाजूला. बल्ब लख्ख! पॉझिटिव्ह सुटला, अर्थिंग सापडलं.

प्लगकडून येणारी पांढरी वायर कॅम्परच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर एका स्क्रूने दाबलेली होती, नट नाही, नुसता पत्र्यात पिळलेला. थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीखाली) रंगाचा थर, त्यावर गंजाची खपली. बोटाने हलवला तर सबंध स्क्रू गोल फिरला. वायर कापली तर आत दोन इंचांपर्यंत तांबं हिरवं-काळं. चांगल्या तांब्यापर्यंत मागे गेलो, नवं थिंबल दाबलं, फ्रेम पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आरपार भोक पाडून नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. सगळा खर्च पाच-सहा डॉलर.

बॅटरी परत जोडताना मात्र हात थरथरला. अमेरिकेत कॅम्परच्या 12 व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात पक्कं बसलेलं. उलटी जोडली की कन्व्हर्टरचे फ्यूज गेलेच. सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला होता, म्हणून वाचलो. इंजिन चालू केलं, बॅटरीवर 13.5.

फ्रिजचा प्रश्न तिथे संपला. पण त्या रात्री झोपताना आठवलं की त्याच पांढऱ्या वायरीतून इलेक्ट्रिक ब्रेकचाही करंट परत येतो. एका चाकाचा ब्रेक लावणाऱ्या मॅग्नेटला साधारण तीन अँपिअर, चार चाकांना बारा. साडेचार अँपिअरच्या बल्बला जी वायर पुरली नाही, ती ब्रेकला काय पुरणार? पालो ड्यूरोत दरीत उतरणारा रस्ता चांगलाच तीव्र आहे. तिथे कॅम्पर मागून ढकलतोय असं वाटलं होतं, आणि मी 'पहिलाच घाट, घाबरलोय' असं म्हणून पिकअपमधल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे कॅम्परच्या ब्रेकचा जोर, आठपर्यंत वाढवला होता. त्या वेळी जो काही ब्रेक लागला, तो बहुधा हिच बॉल (पिकअपमागचा, कॅम्पर ज्यावर अडकवतात तो लोखंडी गोळा) आणि साखळ्यांमधून लोखंडाला लोखंड टेकून मिळालेल्या अर्थिंगवर. बॉलला तर मी स्वतःच निघताना भरपूर ग्रीस फासलं होतं.

सकाळी उठून पिकअप-कॅम्पर जोडून कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. तीसच्या स्पीडला हाताने कंट्रोलरचा लिव्हर दाबला आणि कॅम्परची चाकं जागच्या जागी लॉक झाली, टायर किंचाळले. शेजारच्या आजोबांनी पडदा सरकवून पाहिलं. गेन कमी करत करत साडेपाचवर आणला.