रंग न दिसणाऱ्या कॅमेऱ्याचं खूळ

शनिवार, रात्री

आज पुन्हा लायका कंपनीच्या कॅमेऱ्याची किंमत बघत बसले. ती उतरणार नाही हे ठाऊक आहे, तरी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एम 11 मोनोक्रोम. 2023 चा, 60 मेगापिक्सेलचा, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा. रंगीत फोटो त्याला काढताच येत नाही. परवा जेवताना आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे रंग काढून घेतले त्याचे वर पैसे?" नऊ हजार डॉलरच्या वर, आणि लेन्स वेगळी. रुपयांत हिशेब करून बघायचं मी सोडून दिलंय.

तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण आमटी वाढता वाढता देण्यासारखं नाही. सेन्सरला मुळात रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून त्याच्यावर इवल्या इवल्या रंगीत फिल्टरांची जाळी बसवतात. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. एक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरून घेतले जातात. मोनोक्रोममध्ये ही जाळीच नाही. फिल्टरमध्ये अडकणारा उजेड वाचतो, अंदाजपंचे काम संपतं. कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो आणि बारकावे असे, की म्हाताऱ्या बोटांवरच्या रेघा मोजाव्यात. मी नमुन्याचे फोटो मोठे करकरून पाहिलेत. याला कोणी खूळ म्हटलं तर माझी हरकत नाही.

माझ्याकडे आहे निकॉन डी 90. तो 2008 चा. व्हिडिओ काढणारा पहिला डिजिटल एसएलआर म्हणून तेव्हा त्याचा गाजावाजा झाला होता. माझ्या हातात आला तोवर ती नवलाई ओसरली होती, म्हणून तर परवडला. बऱ्यापैकी मोबाइलला लागतात त्याहून कमी पैशांत बॉडी आणि वर 50 एमएमची जुनी 1.8 डी लेन्स. या लेन्सला स्वतःची मोटर नाही. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने तिला फिरवते आणि फोकस होताना किर्र असा आवाज येतो. निकॉनच्याच स्वस्तातल्या डी 40 मध्ये ही मोटर नव्हती, तिथे हीच लेन्स हाताने फिरवावी लागते. मला तो किर्र आवाज आवडतो. लग्नाकार्यात मात्र भटजी वळून बघतात.

तर आज याला घेऊन पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीला गेले. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले हे तांबट. तेव्हापासून इथे ठोकाठोक चालूच आहे, कमी झालीय एवढंच. एका दुकानाच्या पायरीशी काका घंगाळ मठारत बसले होते. मठारकाम म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे जवळजवळ, एकसारखे ठोके देत जायचं. त्याने भांडं शोभतं आणि पत्राही टणक होतो. ठोका कुठे पडणार याकडे त्यांचं लक्षही नव्हतं, माझ्याशी बोलत होते आणि ओळ सरळ पडत होती.

"काका, फोटो काढू का?"

"काढ की. हात थांबणार नाही पण."

नकोच होता थांबायला. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवून 1600, शटर सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे हातोडी पुसट आणि घंगाळ स्थिर. कॅमेऱ्यात मोनोक्रोम लावलेलं, त्यात लाल फिल्टरचा इफेक्ट. हे माझं आवडतं सेटिंग, निळं आकाश काळंभोर होतं. पण आळीत आकाश दिसतंच कितीसं! समोर होतं तांबं, आणि लाल फिल्टरमध्ये लालसर वस्तू उजळ होते. स्क्रीनवर ठोक्यांची रांग अशी लखलखली की मी स्वतःवरच खूश. काकांना दाखवलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, चष्मा वर केला.

"अगं, हे ॲल्युमिनियम झालं की!"

मी कॉन्ट्रास्ट, पोत, काय काय सांगायला लागले. ते शांतपणे म्हणाले, "ते असू दे. तांबं तांब्यासारखं दिसू दे."

मी रॉमध्ये फोटो काढते. त्या फाइलमध्ये सगळे रंग शाबूत असतात, मोनोक्रोम नुसतं वर पांघरलेलं. तिथल्या तिथे मेन्यूत जाऊन त्याच फाइलचा रंगीत जेपीजी काढून दिला. आयएसओमुळे थोडे दाणे आले होते, पण तांबं तांबूस होतं. डी 90 ला वायफाय नाही, म्हणून काकांनी सरळ मोबाइल काढला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोटो घेतला आणि स्टेटसला टाकला. तिरका, ट्यूबलाइटच्या चकाकीसकट. आज माझा सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला फोटो बहुधा तोच.

लायकावर लाल काच लावली असती तर तिथेही ॲल्युमिनियमच झालं असतं, आणि परतीची वाट नाही. काच उतरवली तरी तांबं राखाडीच. शिवाय मी तो कॅमेरा असा जमिनीवर, पाण्याच्या बादलीशेजारी ठेवला असता का? छे. गळ्यातूनसुद्धा काढला नसता.

हे सगळं पटतं, आणि तरी घरी आल्या आल्या पान उघडलंच. हवासा वाटण्याला कारण लागत नसावं. किंवा मला तो फोटो काढायला नकोच आहे, रात्री बघत बसायला हवाय. त्यातही आज एक पळवाट सापडली. पहिला मोनोक्रोम 2012 चा, 18 मेगापिक्सेलचा. म्हणजे तोही आता जुन्यातच जमा. सेकंडहँडच्या किमती बघितल्या. अजूनही माझ्या आवाक्याबाहेर, पण निदान हसू येत नाही.

उद्या लॅबमध्ये जायचंय. काकांना दुकानात लावायला 12 बाय 18 इंचांचा प्रिंट हवाय, रंगीत, हे दोनदा बजावलंय. डी 90 च्या 12 मेगापिक्सेलमध्ये तेवढा आरामात निघतो. माझ्यासाठी ॲल्युमिनियमवाला एक काढून घेईन.