नरवाई न जाळता

इंदूरजवळच्या सांवेरकडची आमची शेती म्हणजे माळव्यातली नेहमीची काळी जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, विहिरीकडच्या तुकड्यात लसूण-बटाटा. हार्वेस्टर गहू काढून गेला की नरवाईला, म्हणजे शेतात उरलेल्या बुडख्यांना आणि काडाला, काडी लावायची, नांगरट करायची आणि पावसाची वाट पाहायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, तब्येत ढासळली आणि शेताचा कारभार माझ्याकडे आला. त्या वर्षीच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीला मिळणारा कस, ०.५ टक्क्यांच्याही खाली, म्हणजे ‘कमी’ या रकान्यात निघाला. ज्या जमिनीच्या जिवावर घर उभं राहिलं, तिला आपण उपाशी ठेवतोय, हे मला फार लागलं.

पहिलं ठरवलं ते नरवाई न जाळण्याचं. अप्पांनी विचारलं, “सूनबाई, पेरणी यंत्राच्या फणांत काड अडकलं तर पेरणी सोडून ते उपसत बसणार का?” त्यांची शंका रास्त होती. म्हणून काड कापून भूसा करणारं रीपर यंत्र फिरवून गुरांपुरता भूसा घेतला आणि बुडखे जमिनीतच राहू दिले. उन्हाळाभर त्यांनी मातीवर सावली धरली. पेरणीची घाईही सोडली. सोयाबीन संशोधन केंद्र आपल्या इंदूरलाच, खंडवा रोडवर आहे. त्यांचा सल्ला स्पष्ट आहे: साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. तेवढ्या ओलीत काड मऊ पडतं आणि फणांना फारसं आडवं येत नाही.

मग खत. शेतीला सुरुवात करेपर्यंत मला माहीतच नव्हतं, की जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट आपल्याच गावचं आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी १९२४ मध्ये इथे संशोधन संस्था उभी केली, तिथेच आज कृषी महाविद्यालय आहे. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही कृती पुस्तकात मांडली. इंदूरच्या मराठी घरांत वाडांचं नाव निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कृती साधी आहे, पण चिकाटी मागते. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), पालापाचोळा, तण यांचा थर. त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं. मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. काही दिवसांत ढीग तापतो. लोखंडी सळई आत खुपसून ठेवली आणि थोड्या वेळाने बाहेर काढली, तर हातात धरवत नाही. पहिली पलटी दोनेक आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तिसऱ्या पलटीला शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाचा वास येतो. साधारण तीन महिन्यांत खत तयार.

सगळं शेत एकदम बदललं नाही. आधी निम्म्यावरच केलं आणि युरियाही हळूहळू कमी केला. तरी सुरुवातीला त्या तुकड्यात गहू कमी आला. घरात बोलणी झाली आणि ती मी ऐकून घेतली. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरायला लागले, चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या. तुरीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे सोयाबीन निघाल्यावरही जमिनीत जिवंत मूळ राहतं.

खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस असा कोसळला, की नर्मदेला पूर आला. ऑगस्टमध्ये जुन्या पद्धतीच्या निम्म्या शेतात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडल्या, दुपारी सोयाबीनची पानं माना टाकत. वरंब्यावरचं पीक तग धरून होतं. सप्टेंबरमध्ये वरंब्यांमधल्या सऱ्यांतून पाणी वाहून गेलं आणि शेंगा चिखलात लोळल्या नाहीत.

माती सुधारली हे अप्पांना पटवायला मी दोन काचेचे पेले घेतले. एकात जुन्या तुकड्यातलं ढेकूळ, दुसऱ्यात नव्या तुकड्यातलं. पहिलं पाण्यात पडताच विरघळून गढूळ झालं. दुसरं आकार धरून बसलं, बुडबुडे सोडत. अप्पा बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “उरलेल्या शेतातही कर.”

आता सगळ्या शेतात नरवाई तशीच राहते. प्रश्न उरलाय तो बटाट्याचा. तो काढताना सगळी माती उलथावीच लागते आणि तिची घडवलेली घडी मोडते. यंदा त्या तुकड्यात बटाट्यानंतर ताग पेरून तो फुलावर येताच हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडणार आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरलं, तर.